ऑरिन टॅकेटचा कबुलीजबाब

१

हीटर दुरुस्त करायला आलेल्या माणसाने खिडकीखालची ॲकॉर्डियनची पेटी बाजूला सरकवायला म्हणून उचलली. तिची कडी सुटली आणि आतून पीचचे सहा डबे बैठकीच्या खोलीभर गडगडत गेले. मागोमाग एक जुनं लोकरी स्वेटर धपकन पडलं. पेटीत ॲकॉर्डियन नव्हतंच.

एल्मा निस्कानेन स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि तिला आधी डब्यांचाच राग आला. नऊ दिवसांपूर्वी, एका सोमवारी, तिला पीचचा केक करायचा होता, तेव्हा कोठीत हे सहा डबे सापडले नव्हते. तिने घरातल्या बाराही पुरुषांना फैलावर घेतलं होतं. डबे इथे, स्वेटरमध्ये गुंडाळून, तिच्यापासून वीस पावलांवर होते.

मग तिची नजर लुडीकडे गेली आणि राग जागच्या जागी विरला.

लुडी प्रेबिल दारात उभा होता. एक्काहत्तर वर्षांचा, वाळलेल्या फांदीसारखा म्हातारा. ॲकॉर्डियन त्याचं. त्याच्या बापाने स्लोव्हेनियाहून येताना छातीशी धरून आणलेलं आणि या ब्यूट गावच्या तांब्याच्या खाणीत जन्म घालवूनही कधी न विकलेलं. दर रविवारी जेवणानंतर लुडी ते वाजवायचा, आणि ज्यांच्या चेहऱ्यावर माशी बसायला घाबरेल अशी माणसं तेव्हा पायाने ताल धरायची. आत्ता तो डाव्या मनगटाचं बँडेज उजव्या हाताने चाचपत खुर्चीत बसला, एवढंच.

तुरुंगातून सुटलेल्या माणसांना एकदम मोकळं सोडायच्या आधी सरकार जिथे काही महिने ठेवतं, तसं ते घर होतं, आणि लुडीही तिथलाच एक. दारू नाही, जुगार नाही, सहाच्या आत घरात; नियम मोडला की परत आत. घराचा व्यवस्थापक जेरी मिहेलिच हा मुळात भला माणूस. पण चोरी म्हटल्यावर त्याने सगळ्या खोल्या उलथ्यापालथ्या केल्या. तासाभरात तो एक चिठोरा घेऊन खाली आला.

गहाणवटीच्या दुकानाची पावती होती. वरचा भाग, जिथे नाव असतं तो, फाडलेला. खाली तारीख, चोवीस जानेवारी, आणि एक ओळ : बटणांचं ॲकॉर्डियन, जुनं, पेटीशिवाय.

"ऑरिनच्या कोटाच्या आतल्या खिशात मिळाली," मिहेलिच म्हणाला.

ऑरिन टॅकेटला टायरच्या दुकानातून बोलावून आणलं. सत्तेचाळीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, मान खाली घालून चालणारा माणूस. खोट्या चेकपायी आणि चोऱ्यांपायी तीन वेळा आत जाऊन आलेला. तिन्ही वेळा पोकरच्या, म्हणजे पैसे घालून पत्त्यांचा जुगार खेळायच्या मशीनपायी. आणखी सहा दिवसांनी त्याची इथली मुदत संपून तो मोकळा होणार होता.

त्याने पावतीकडे पाहिलं, लुडीकडे पाहिलं नाही.

"हो. मीच नेलं."

"कशासाठी?" मिहेलिचने विचारलं.

"कशासाठी म्हणजे? सिल्व्हर स्पाइक बारमध्ये जाऊन बसलो. पोकरचं मशीन. सगळं गेलं."

मिहेलिचने त्याला वर खोलीत नेऊन बसवलं. जिना चढताना ऑरिन एल्माच्या शेजारून गेला आणि त्याचा चेहरा पाहून ती चरकली. दवाखान्यातून 'काही नाही, सगळं ठीक आहे' असं ऐकून बाहेर पडणाऱ्या माणसाचा असतो, तसा तो चेहरा होता.

२

"मला उद्या दुपारी बारापर्यंत कळवावं लागेल," मिहेलिच स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसत म्हणाला. "चोरी आणि जुगार, दोन्ही. सरळ डीअर लॉजच्या तुरुंगात परत. दोन वर्षं तरी. सहा दिवस राहिले होते, एल्माबाई! सहा दिवस दम धरवला नाही?"

एल्माने त्याच्यापुढे कॉफी ठेवली. "जेरी, पावतीचं वरचं टोक सापडलं?"

"नाही. फाडून टाकलं असेल. स्वतःचं नाव लपवायला."

"आणि उरलेली पावती स्वतःच्याच खिशात जपून ठेवली?"

मिहेलिचचा कप तोंडाशी थांबला.

"आता पेटीचं बघ," एल्मा म्हणाली. "चोराला ॲकॉर्डियन न्यायचंय. पेटीला मूठ आहे, पेटीची किंमतही येते. तरी तो उघडं ॲकॉर्डियन काखोटीला मारतो, माझ्या कोठीत शिरतो, डबे आणतो, वाजू नयेत म्हणून स्वेटरमध्ये गुंडाळतो आणि पेटी जड करून जागेवर ठेवतो. पळून जाणारा चोर एवढं कशाला करेल? कोणाच्या लक्षात यायच्या आत परत आणून ठेवायचंय, असा माणूस हे करतो."

"पण तो कबूल झालाय. कोणी मारून वदवून घेतलेलं नाही."

"तेच तर मला खुपतंय."

मिहेलिचने सुस्कारा टाकला. एल्मा या घरात नुसती स्वयंपाकीण नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. ती एकेकाळी शाळेच्या कॅन्टीनचे हिशेब ठेवायची. मुलांच्या जेवणाचे पैसे तिने असल्याच मशीनमध्ये घातले होते. दोन वर्षं बायकांच्या तुरुंगात काढली; मुलीने तेव्हापासून तिचं तोंड पाहिलेलं नव्हतं. गेली सतरा वर्षं ती मशीनपाशी फिरकली नव्हती, आणि ब्यूटमध्ये ही काही सोपी गोष्ट नाही. तिथे पेट्रोल पंपावर मशीन, बारमध्ये मशीन, हॉटेलात मशीन. दर गुरुवारी चर्चच्या तळघरात ती जुगार सोडू पाहणाऱ्यांची बैठक चालवायची. ऑरिन आणि लुडी दोघेही तिथे यायचे.

"उद्या बारापर्यंत," मिहेलिच उठत म्हणाला. "त्यापुढे माझ्या हातात नाही. आणि एल्माबाई, ऑरिन नसेल तर मग कोण, हेही सांगावं लागेल."

३

सगळ्यांच्या जिभेवर एकच नाव होतं : कोल्बी रीस. सव्वीस वर्षांचा, घरफोड्यांसाठी आत गेलेला, आणि फोनवर फुटबॉलच्या सामन्यांवर पैज लावताना दोनदा पकडला गेलेला. शिवाय गेल्या आठवड्यापासून पायात कोरे करकरीत बूट.

तो मागच्या दारात बर्फ उपसत होता. एल्माला पाहिल्यावर त्याने फावडं भिंतीला टेकवलं.

"आली का आजी? मी वाटच बघत होतो. म्हटलं, अजून कोणी आपल्यावर कसं ढकललं नाही!"

"बूट कुठून आले?"

"बहिणीने पाठवले. खोकं आहे, चिठ्ठी आहे, वाचून दाखवू? रडशील." त्याने नाक ओढलं. "आणि मी चोरलं असतं ना, तर तुझे पीच खाऊन डबे रिकामे ठेवले असते."

एल्माला हसू आलं. "लुडीचं वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. म्हातारा बरा आहे." त्याने बुटाने बर्फाचं एक ढेकूळ फोडलं. "पण ऑरिनने केलं म्हणतात ते मला पटत नाही. सांगू? रोज कामावरून येताना तो सिल्व्हर स्पाइकसमोर थांबतो. पलीकडच्या फुटपाथवर. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. आत पाऊल टाकत नाही. एकदा मी म्हटलं, काय काका, कोणाची वाट बघताय? तर म्हणाला, सुटल्यावर मला जी खोली मिळालीये ना, ती या बारच्या वर आहे."

"काय?"

"तुला माहीत नव्हतं? याच बारच्या वर. रेकॉर्ड असलेल्याला दुसरं कोण घर देतंय? ब्यूटमधल्या एकवीस घरमालकांनी नाही म्हटलं त्याला. मोजलेत त्याने."

एल्मा तशीच उभी राहिली. तिचे पाय थंडीने दुखायला लागले, तरी तिच्या ते ध्यानात आलं नाही. ऑरिनच्या चेहऱ्यावरची ती सुटका कुठून आली, याचा अंदाज तिला आला होता, आणि तो खरा ठरू नये असं तिला मनापासून वाटत होतं.

४

ऑरिन पलंगाच्या कडेला बसला होता. त्याने पिशवी भरूनही ठेवली होती.

"घाई दिसतेय," एल्मा म्हणाली.

"न्यायला आले की उगाच खोळंबा नको."

तिने खुर्ची ओढली. "सांग बघू, कसं हरलास?"

"सांगितलं की. सगळं गेलं."

"ते जेरीला सांगितलंस. मी जेरी नाही. कुठल्या मशीनवर बसलास?"

"कोपऱ्यातल्या."

"मग?"

"मग काय? घातले, गेले. पुन्हा घातले, पुन्हा गेले. संपलं."

 सतरा वर्षांत एल्माने तळघरातल्या त्या खुर्च्यांवर बसून शेकडो माणसांच्या हरण्याच्या गोष्टी ऐकल्या होत्या.

"ऑरिन, गेल्या नोव्हेंबरात तू बैठकीत बोललास, आठवतंय? सात वर्षांपूर्वीची रात्र सांगत होतास. चार राण्या आल्या असत्या, पण तिसरीनंतर गुलाम आला. पत्त्याची बदामाची खूणसुद्धा तू बोटाने हवेत काढून दाखवलीस. सात वर्षांनी! जुगारी माणूस हरलो म्हणून सांगतच नाही. थोडक्यात हुकलं म्हणून सांगतो. मी सांगते, लुडी सांगतो, तो कालचा पोरगा कोल्बी सांगतो. आणि तू अकरा दिवसांपूर्वी लुडीचं ॲकॉर्डियन घालवलंस, आणि तुझं काहीच हुकलं नाही? एक पत्ता आठवत नाही?"

ऑरिनने पिशवीची चेन ओढून बंद केली.

"तू गेलाच नाहीस तिथे," ती हळूच म्हणाली.

"नको बोलूस."

"कोणाला वाचवतोयस?"

"कोणाला नाही!" तो एकदम उसळून उभा राहिला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी स्वतःला वाचवतोय, एल्मा. एवढं तरी करू दे. डीअर लॉजमध्ये मी चार वर्षं गाढ झोपलो, ठाऊक आहे? आत पत्ते चालतात, सूपच्या पाकिटांवर. पण समोरच्या माणसाला कधीतरी झोप येते, तो पत्ते टाकून उठतो. मशीनला झोप येत नाही. त्या खोलीच्या जमिनीतून आवाज येतो त्याचा. मी खोली बघायला गेलो तेव्हा ऐकला. तिथे मी एक आठवडा काढणार नाही, आणि पुढच्या वेळी एखाद्या म्हाताऱ्या बाईची पर्स हिसकावेन. त्यापेक्षा आत्ताच जातो. कोणाचं काही बिघडत नाही."

"लुडीचं?"

लुडीचं नाव निघताच त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. 

५

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी नऊला एल्मा गहाणवटीच्या दुकानात शिरली. मालकीण मिसेस हॅगर्टी काउंटरमागे विणत बसली होती. मागच्या फळीवर, काचेच्या वरच्या कप्प्यात, लुडीचं ॲकॉर्डियन दिसत होतं.

"नाव मी पोलिसांशिवाय कोणाला सांगत नाही," मिसेस हॅगर्टीने आधीच बजावलं. "तुला तर मुळीच नाही, एल्मा. माझ्या भाच्याच्या शाळेतली तू."

एल्माने ते गिळलं. अशी वाक्यं गिळायची तिला सवय होती.

"नाव नको. एवढंच सांगा, ते एवढं उंचावर का ठेवलंय? बाकीची वाद्यं तर खाली हीटरशेजारी आहेत."

"ज्याने आणलं त्याने सांगितलं म्हणून." मिसेस हॅगर्टीची सुई थांबली. "म्हणाला, उष्णतेजवळ ठेवू नका, आतल्या पट्ट्या मेणाने बसवलेल्या असतात, मेण मऊ झालं की सूर जातो. आणि म्हणाला, काचेच्या आड ठेवा, विकायला काढू नका, महिन्याभरात सोडवून नेतो. इथे वस्तू आणतात ती माणसं दाराकडे बघत उभी राहतात. हा मात्र जाताना परत फिरला. भात्याचा पट्टा नीट लागलाय ना, ते बघायला."

एल्माने काउंटरची कड धरली.

तिला गेले दोन रविवार आठवले. जेवणं झाली होती, माणसं बैठकीच्या खोलीत जमली होती, आणि दोन्ही वेळा लुडीने बँडेज बांधलेलं मनगट वर करून दाखवलं होतं : लचकलंय, पुढच्या रविवारी. पेटीला कोणी हात लावला नव्हता. आणि मधल्या सगळ्या दिवसांत, रोज दुपारी, तोच लुडी तिच्यासमोर बसून तिच्या पेस्टींसाठी, मांस-बटाटा भरलेल्या त्या करंज्यांसाठी, बादलीभर बटाटे सोलत होता. डाव्या हातात बटाटा गरागरा फिरवत.

आपल्याला हे दिसलं नाही असं नाही, तिच्या मनात आलं. आपण बघितलं नाही.

६

लुडी बटाटेच सोलत होता. एल्माने कोट न काढताच समोरची खुर्ची घेतली.

"मनगट कसं आहे?"

"जरा बरं."

"सोड की बँडेज."

सुरी थांबली. लुडीने तिच्या तोंडाकडे पाहिलं, तिच्या कोटावरच्या बर्फाकडे पाहिलं, आणि ती कुठून आली हे त्याला उमगलं. त्याने बँडेजचं टोक सोडवलं, गुंडाळी करून टेबलावर ठेवली. खालचं मनगट धडधाकट होतं.

"बारा वर्षं मशीनला हात लावला नव्हता, एल्मा," तो म्हणाला. "बारा वर्षं आणि दोन महिने."

"काय झालं?"

"काहीच नाही. तेच तर. कोणी मेलं नाही, कोणाशी भांडण नाही. बसला उशीर होता, वारा बोचत होता, म्हणून सिल्व्हर स्पाइकमध्ये जाऊन उभा राहिलो. उभं कसं राहायचं फुकट, म्हणून बसलो." त्याने डोळे मिटले. "पहिल्याच आठवड्यात पेन्शन संपली. मग वाटलं, फक्त गेलेलं परत मिळवायचं आणि थांबायचं. ॲकॉर्डियन गहाण ठेवलं. आणि त्या दिवशी एल्मा, किलवरची दश्शी आली असती ना... नव्वी आली. एका खुणेने. एका खुणेने हुकलं."

एल्माने बँडेजची गुंडाळी आपल्याकडे ओढून घेतली.

"पुढची पेन्शन आली की सोडवून आणणार होतो. कोणाला कळलं नसतं. मग ते डबे गडगडले आणि मिहेलिच 'चोर, चोर' म्हणून ओरडायला लागला. माझ्या तोंडून शब्द फुटेना. स्वतःची वस्तू स्वतः गहाण ठेवली म्हणायला किती वेळ लागतो? पण मग विचारणार, कशासाठी? ज्या पोरांना मी गुरुवारी सांगतो की सुटता येतं, त्यांच्यासमोर..."

"पावती ऑरिनकडे कशी गेली?"

"मंगळवारी कपडे धुवायची पाळी त्याची. माझ्या पँटच्या खिशात राहिली असणार. वरचं माझं नाव त्यानेच फाडून टाकलं असेल. मला तो काही बोलला नाही. काल त्याने कबूल केलं तेव्हा मला कळलं. आणि मी गप्प बसलो. रात्रभर, शेजारच्या खोलीत. भिंतीपलीकडे तो पिशवी भरत होता, ते ऐकत."

घड्याळात साडेदहा झाले होते. एल्माला सगळं समजलं होतं, आणि त्याचा तिला काडीचा आनंद नव्हता. चोरी झालीच नव्हती. ऑरिन निर्दोष होता आणि त्याला ते नको होतं. लुडी घराचा नियम मोडून जुगार खेळला होता, आणि एक्काहत्तराव्या वर्षी त्याला कोठडीत जावं लागणार होतं. ती आत्ता उठून बटाटे उकळायला टाकू शकत होती. बारा वाजता मिहेलिचने फोन केला असता, आणि दोघांनाही हवं ते मिळालं असतं.

"तू सांगणार आहेस त्याला?" लुडीने विचारलं.

"नाही."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर आशा दिसली. एल्माला ती बघवेना.

"तू सांगणार आहेस," ती म्हणाली. "मी दारापर्यंत येते बरोबर."

 लुडीने हातातला बटाटा पुरता सोलला, बादलीत टाकला, सुरी पुसून ठेवली, आणि उठला.

७

लुडीला तीस दिवसांची कोठडी झाली, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या तुरुंगात. मिहेलिचने वयाचा विचार व्हावा म्हणून दोन पानी पत्र लिहिलं, तरी तीस दिवस लागलेच. न्यायला आलेल्या पोलिसाने त्याला बेड्या घातल्या नाहीत. कोल्बीने त्याची पिशवी गाडीपर्यंत नेली आणि परत येऊन कोणाशीही न बोलता बर्फ उपसायला लागला, जिथे उपसायला बर्फ उरला नव्हता तिथे.

ऑरिन स्वयंपाकघराच्या दारात आला.

"झालं समाधान?"

"ऑरिन..."

"म्हाताऱ्याला आत घातलंस, ज्याला बाहेर राहायचं होतं. आणि मला बाहेर ढकललंस. वा! हुशार आहेस, पत्त्यावरून ओळखलंस. सगळ्यांना सांग आता."

"ते खोटं होतं."

"खोटंच होतं! पण त्याने कोणाचं वाईट होत होतं का, सांग ना?"

"तुझं," एल्मा म्हणाली.

"माझं माझ्यावर सोडायचं होतंस." त्याचा आवाज फाटला. "मला एकच दार ठाऊक होतं, एल्मा. तू ते लावून घेतलंस. आता दुसरं कुठलं आहे ते दाखव."

 त्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग गेला.

त्या संध्याकाळी तळघरातल्या बैठकीत नऊ जण आले. कोणीतरी विचारलं, लुडी कुठे? एल्माने खरं ते सांगितलं. एक बाई रडायला लागली, आणि कोपऱ्यातला एक माणूस पुन्हा कधी आला नाही.

८

मंगळवारी ऑरिन मोकळा झाला. एल्माने त्याच्यासाठी घर शोधायचा प्रयत्न केला होता. आणखी सहा दरवाजांवर जाऊन आली. एकाने तिचंही रेकॉर्ड काढून दाखवलं. शेवटी ऑरिन बारच्या वरच्या त्या खोलीतच राहायला गेला.

रोज संध्याकाळी सहाला ती त्याला फोन करायची. तो उचलायचा, 'आहे' म्हणायचा आणि ठेवायचा. एवढंच बोलणं. बारा दिवस 'आहे' आलं. तेराव्या दिवशी, रविवारी, टायरच्या दुकानाला सुट्टी होती, म्हणून तिने दुपारीच फोन लावला. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. मग तिने ओव्हन बंद केला आणि कोट घातला.

सिल्व्हर स्पाइकच्या दाराशी ती थांबली. सतरा वर्षं ती अशा दारांवरून पलीकडच्या फुटपाथने गेली होती. तिने दार ढकललं.

बाहेरच्या लख्ख उन्हातून आत आल्यावर आधी काही दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. तो आवाज अजिबात बदललेला नव्हता. ऑरिन तिसऱ्या स्टुलावर होता, मशीनच्या निळ्या उजेडात, दाढी वाढलेली, खांदे पडलेले. त्याने वळून पाहिलं नाही. एल्मा त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसली, कारण तिथे दुसरी बसायची जागा नव्हती.

"जा इथून," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

"उठ, चल."

"हुकलं गं आत्ता. थोडक्यात."

"माहीत आहे."

ती काहीतरी बोलणार होती. येताना रस्त्याने तिने शब्द जुळवलेही होते. पण तिच्यासमोरच्या मशीनवर पाच पत्ते उलटले. कोणी न खेळताच ते आपले आपण उलटतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. इस्पिकचा राजा, इस्पिकची राणी, इस्पिकचा गुलाम.  चौथा पत्ता कुठला, हे बघितल्याशिवाय तिला मान वळवता येईना. तो उलटला. मग पुन्हा पहिल्यापासून. तिचं पाकीट मांडीवर होतं. ते तिने केव्हा उघडलं?

"ऑरिन," ती म्हणाली.

"काय?"

"मला उठवत नाहीये."

त्याने मान वळवली. तिला वाटलं, तो म्हणेल, नाटकं करू नकोस. पण त्याला नाटक आणि हे, यांतला फरक कळत होता. त्याने तिचा हात पाहिला. बोटं काचेला टेकलेली होती. तिच्या कपाळावर घाम होता. एवढ्या गुरुवारांमध्ये ही बाई त्याला कधी घाबरलेली दिसली नव्हती.

"एल्मा, तू आत कशाला आलीस?" तो पुटपुटला. "वेडी आहेस का तू?"

"मला एकटीला बाहेर जाता येणार नाही."

त्याच्या मशीनवर अजून काही आकडे शिल्लक होते. तो त्यांच्याकडे पाहत राहिला. कोणीतरी मागे हसलं, बाटल्या वाजल्या. एल्माच्या पडद्यावर राजा पुन्हा उलटला.

मग स्टूल मागे सरकल्याचा आवाज झाला. ऑरिनने तिच्या मांडीवरचं पाकीट मिटवलं, आपल्या खिशात घातलं, तिच्या दंडाला धरलं आणि तिला उभं केलं.  दारापर्यंत त्याने तिला जवळजवळ उचलूनच नेलं. बाहेर आल्यावर दोघं बस थांब्याच्या बाकावर बसले. ऊन होतं, पण त्यात ऊब नव्हती.  दोन बस आल्या आणि गेल्या.

"सतरा वर्षं?" शेवटी त्याने विचारलं.

"सतरा."

"आणि तरी?"

"आणि तरी."

तो हाताने चेहरा चोळत राहिला. मग तिला घरापर्यंत सोडायला चालत आला, सबंध चढ, तिच्या दंडाचा हात न सोडता. दारात त्याने पाकीट परत दिलं. आत यायला तो तयार झाला नाही.

एल्माने जेवण केलं, भांडी घासली, आणि सहाला फोनकडे गेली. ती उचलणार तेवढ्यात तो वाजला.

"मी आहे," ऑरिन म्हणाला. खालून येणारा बारचा आवाज फोनमध्ये ऐकू येत होता. "तू परत गेली नाहीस ना?"

"नाही. तू?"



"नाही," तो म्हणाला. "आज नाही. पण ठेवू नकोस इतक्यात. बोल काहीतरी."

एल्माने पायानेच स्टूल ओढून घेतलं आणि त्याला सांगायला लागली, उद्या सकाळी नाश्त्याला ती काय करणार आहे ते.